गोळ्यांना सुट्टी

आईला दवाखान्यातून घरी आणलं त्या दुपारी बापूने सगळ्यात आधी टीव्हीचा प्लग काढला. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं. वायरचं वेटोळं करून त्याने ते टीव्हीमागे ढकललं, मग बाहेर जाऊन व्हीलचेअर उंबऱ्यावरून आत घेतली.

आईचा पलंग आता पुढच्या खोलीतच होता. कपडे बेतायचं लांब टेबल भिंतीकडे सरकवलं होतं आणि अर्धवट राहिलेली शिवणं बापूच्या बायकोने, वहिनीने, चादरीखाली झाकली होती. वडील गेल्यावर याच टेबलाच्या जोरावर आईने तिघांना वाढवलं, ताईचं औषधांचं दुकान उभं करून दिलं, बापूला लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकायला पाठवलं. आता तिचा उजवा हात मांडीवर नुसता पडून होता, कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा. तोंडून शब्द येत, पण हवे ते येत नसत. पाणी हवं असलं की ती 'दोरा' म्हणे, आणि आपण चुकलो हे तिला लगेच कळे. तिला ते कळतंय, हेच बापूला बघवत नव्हतं.

"उशी जरा वर घे," ताई म्हणाली. "आणि मान सरळ."

बापूने उशी वर घेतली. ताई आल्यापासून दुसरं काही बोललीच नव्हती. तिने गोळ्यांचा डबा उघडून सकाळ-संध्याकाळचे खण भरले, पुन्हा तपासले, पुन्हा बंद केले. तिचा राग असाच असायचा. हातांना काम द्यायचं आणि ओठ मिटून घ्यायचे.

धाकटी बहीण छोटी सगळ्यांत शेवटी आली. टीव्हीच्या स्टुडिओतून थेट. चेहरा पुसला होता, पण केसांच्या कडेला मेकअपची फिकट रेघ राहिली होती. ती आईच्या पायाशी बसली आणि पाय दाबू लागली. आईने डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. ताईने मान दुसरीकडे वळवली.

"चहा ठेवते," वहिनी म्हणाली आणि आत गेली. मागोमाग ताई उठली. जाता जाता म्हणाली, "छोटी, आत ये. बापू, तूही."

*

स्वयंपाकघरातलं टेबल चौघांना पुरेल इतकंच होतं. मधलं दार ताईने लोटलं, पण ते नीट लागत नसे.

"डॉक्टरांनी मला विचारलं," ताई म्हणाली, "तुमच्या आईच्या हृदयाची झडप कृत्रिम आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी आयुष्यभर घ्यायची होती, मग दोन महिने ती बंद कशी? घरात कुणी औषधांतलं जाणकार नाही का? मी काय सांगायचं त्यांना? की आहे, मीच आहे. आणि आमच्याकडे एक टीव्हीवाली पण आहे."

"मी गोळ्या बंद करा असं म्हटलं नव्हतं, ताई."

"काय म्हटलं होतंस?"

बापूने खिशातून फोन काढला. तो भाग त्याच्याकडे होता. सगळ्यांकडेच होता, कार्यक्रम झाल्यापासून तो या फोनवरून त्या फोनवर फिरत होता. पडद्यावर पांढऱ्या झब्ब्यातले पाहुणे, ज्यांना कार्यक्रमात 'आहारगुरू' म्हणत, शांतपणे सांगत होते, "ही गोळी म्हणजे जन्माची गुलामी. बीट, आलं, लसूण यांचा रस घ्या. रक्त आपोआप पातळ राहतं." आणि शेजारी बसलेली छोटी कॅमेऱ्याकडे वळून गोड हसली. "म्हणजे मंडळी, आता गोळ्यांना सुट्टी. भेटूया छोट्याशा ब्रेकनंतर."

बापूने फोन पालथा ठेवला.

"ते मी हसण्यावारी म्हटलं होतं," छोटी म्हणाली. "ब्रेक घ्यायचा होता."

"आईला ते हसण्यावारी आहे हे कोणी सांगायचं? तिच्या लेकीने टीव्हीवरून सांगितलं. इतकी वर्षं मी दुकानात बसून तिला सांगतेय, ही गोळी चुकवू नकोस. माझं सांगणं दुकानातलं, तुझं टीव्हीवरचं."

"ताई, खरं सांगू?" छोटीने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "मी ऐकतच नव्हते. त्या माणसाचं एक अक्षर मी ऐकलं नव्हतं. कानातल्या यंत्रात निर्माता सेकंद मोजत असतो. शेवटचं वाक्य पकडायचं, त्यावर काहीतरी गोड बोलायचं आणि ब्रेक घ्यायचा. गोळी एवढंच कानावर आलं. मला वाटलं, व्हिटॅमिनच्या गोळ्यांचं चाललंय."

ताई तिच्याकडे बघत राहिली. छोटीचा त्या माणसावर विश्वास बसला होता, असं ताई गेले दहा दिवस धरून चालली होती. भोळेपणावर रागावता येतं, त्याला समजावताही येतं. पण हिने ऐकलंच नव्हतं, याचं काय करायचं ते ताईला सुचेना.

"शाब्बास," बापू म्हणाला. "इथे आई तुझा शब्द न् शब्द झेलत होती, आणि तू सेकंद मोजत होतीस. तुला घरच्या माणसांचं काही आहे का? आज सुद्धा सगळं आटोपल्यावर आलीस. तुझ्या एका वाक्यापायी..."

वहिनीने चहाचे कप खाली ठेवले. जरा जोरातच. चहा बशीत सांडला.

"अहो," ती म्हणाली, "रस कोण काढून देत होतं?"

बापू बशीत सांडलेला चहा कपात ओतू लागला.

"काय?" ताईने विचारलं.

"रोज सकाळी बीट किसून रस कोण काढत होतं, ते विचारा यांना. मी दोनदा म्हटलं, ताईंना एकदा विचारून घ्या. तर म्हणाले, तिला कशाला, ती दुकानदार, ती गोळ्याच द्यायला सांगणार."

बाहेरच्या खोलीत पलंग करकरला. कुणाचं लक्ष गेलं नाही.

बापू खाली बघून बोलू लागला. "तिच्या हातांवर कशाने पण डाग पडायचे, ताई. जरा टेबल लागलं की काळंनिळं. ती लांब बाह्या घालून बसायची, गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून. गोळ्या सोडल्या आणि डाग गेले. ती मला हात दाखवायची. खूश होती गं ती. मला वाटलं, गुण येतोय."

"डाग गेले म्हणजे रक्त पुन्हा गोठायला लागलं होतं," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट अगदी खाली गेला होता. "तेच होऊ नये म्हणून ती गोळी होती. मला एक फोन केला असतास. एकाच गावात राहतो आपण. एक फोन, बापू. दवाखान्यात माझ्या गळ्यात पडून रडलास, तेव्हाही बोलला नाहीस. सगळं हिच्या अंगावर ढकलून मोकळा झालास."

"त्याला नको बोलूस," छोटी म्हणाली. "त्याने माझं ऐकूनच केलं."

"तू त्याची वकिली करू नकोस."

"आणि ताई, तुम्हीही एक सांगा," वहिनी म्हणाली. ती या घरात येऊन बरीच वर्षं झाली होती, पण ताईशी या सुरात ती पहिल्यांदाच बोलत होती. "आईंच्या गोळ्या तुमच्याच दुकानातून यायच्या ना? दोन महिने त्यांनी नेल्या नाहीत. तिथे कुणाच्या लक्षात आलं?"

ताईने कप उचलला आणि न पिताच परत ठेवला. दुकानात आता दोन नोकर होते, ती स्वतः बहुतेक आतल्या खोलीत असे. आईचं पाकीट कोण नेतं, कधी नेतं, हे तिने कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. आई म्हणजे घरचं गिऱ्हाईक, ती कुठे जातेय, असं धरूनच सगळं चाललेलं.

तेवढ्यात बाहेरून पलंगाच्या दांडीवर हात आपटल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग आईचा आवाज, फाटलेला, पण ठाम.

"निळं."

*

आईला आत सगळं लख्ख दिसत होतं. ते कसं बाहेर काढायचं, तेवढंच कळत नव्हतं.

लोटलेल्या दारातून पोरांचं भांडण तिला शब्दशः ऐकू आलं होतं. कुणाचं चुकलं, कुणाचं किती चुकलं. तिला त्या हिशेबात काही रस नव्हता. तिच्या डोळ्यांपुढे ती बाई होती. आरशापुढे हात पसरून उभी, अंगावर अर्धा शिवलेला कोट, आणि आई तिच्या पाठीमागे, ओठांत टाचण्या धरून. बाई म्हणाली होती, मला पण तीच गोळी आहे हो, ठोके वेडेवाकडे पडतात म्हणून. आईने टाचण्या हातात घेतल्या होत्या. किती अभिमानाने सांगितलं होतं तिने. माझी छोटी टीव्हीवर असते ना, तीच म्हणाली, सोडा गोळ्या. मी सोडल्या. हे बघा, माझे हात बघा.

तिने बाही वर करून हात दाखवले होते.

"निळं," ती पुन्हा म्हणाली. धाकटी धावत आली आणि निळी शाल घेऊन आली. नाही. बापूने निळा पेला आणला. नाही, नाही. "बटण," तिच्या तोंडून निघालं. गोळी म्हणायचं होतं. "बटण नको. बटण... सांग."

"आई, दमशील," ताई म्हणाली. "झोप जरा."

आईने डाव्या हाताने ताईचा हात झटकला आणि भिंतीकडे बोट केलं.

सुनेला आधी कळलं. ती सरळ टेबलाकडे गेली, चादर ओढली आणि ढिगातून एक कोट वर धरला. गडद निळा, एका बाहीला अजून कच्चा धावदोरा.

"हा?"

आईने डोळे मिटून घेतले आणि मान डोलावली.

"ज्यांचा कोट, त्यांना काही सांगायचंय? त्यांनाही..." सून थांबली. तिने एकदा कोटाकडे पाहिलं, एकदा सासूच्या तोंडाकडे. "आई, बटण म्हणजे गोळी का? त्यांनाही तुम्ही गोळ्या सोडायला सांगितलंत?"

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. कुणाला तरी समजलं होतं.

*

कोट कुणाचा ते बापूला माहीत होतं. तिच्या इमारतीची लिफ्ट त्याच्याकडेच होती. बाई मोटार चालवायला शिकवायची. अर्ध्या गावाने तिच्या शेजारी बसून गाडी शिकलेली.

"गाडी चालवते?" ताईने विचारलं, आणि तिचा चेहरा बदलला. "आत्ताच्या आत्ता जा. दोघं जा. मी इथे थांबते."

बाई दारातच भेटली. पायात बूट, हातात किल्ल्या. पुढचा शिकाऊ खाली वाट बघत होता. छोटीला पाहून ती खुलली.

"अगंबाई, तुम्ही? टीव्हीवर जरा जाड दिसता हो. या ना, पण मला निघायचंय. कोट झाला का?"

छोटीने उभ्या उभ्याच सांगितलं. आईचं, रसाचं, गोळीचं. पाठ केल्याशिवाय बोलायची तिला सवय नव्हती, आणि आता वाक्यं अडखळत येत होती. बाईने मध्ये तोडलं नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वाईट झालं. फार वाईट वाटलं. पण त्यांचं वय किती, माझं किती. वयाने होतं तसं काही."

"वयाने नाही झालं," बापू म्हणाला. "गोळी सोडल्याने झालं. डॉक्टरांनी सांगितलं."

"डॉक्टर ते सांगणारच. मी तर आता कधी नव्हे इतकी बरी आहे. थकवा नाही, काही नाही."

"माझ्या बहिणीशी बोला," छोटी म्हणाली. "तिचं औषधांचं दुकान आहे. ती नीट समजावेल."

बाई हसली. हसण्यात वाईटपणा नव्हता. "म्हणजे औषधं विकणाऱ्या बाईंना विचारू, की औषध घेऊ का?"

"मग माझं ऐका. ते मीच म्हटलं होतं, आणि ते चूक होतं. मीच सांगतेय तुम्हाला."

बाईने किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. छोटीकडे तिने जरा निरखून पाहिलं, जशी ती शिकाऊ माणसाकडे बघत असेल, हा आता ब्रेक दाबेल की नाही याचा अंदाज घेत.

"हे बघा, तुम्ही घाबरलेल्या आहात. आईचं असं झालं की माणूस काहीही बोलतं. तेव्हा तुम्ही किती शांतपणे सांगत होता. एवढ्या लोकांसमोर खोटं कसं चालेल, आधी तपासूनच घेत असतील ना? आता तुम्ही माझ्या दारात येऊन उलटं सांगता. खरं असेल तर तिथे सांगा. टीव्हीवर सांगा, मी मानते."

ती त्यांना ओलांडून लिफ्टकडे गेली. दार लागताना बापूने हात मध्ये घातला.

"निदान आज गाडी चालवू नका."

"बापूराव, तुमची लिफ्ट आठवड्यातून एकदा अडकते, तरी मी बसतेच ना?" ती म्हणाली, आणि दार मिटलं.

*

परत आल्यावर छोटीने गॅलरीत जाऊन निर्मात्याला फोन लावला. काच बंद होती तरी अर्धं बोलणं आत येत होतं. आहारगुरू उद्या सकाळी पुन्हा येणार होते, प्रेक्षकांच्या आग्रहावरून. आग्रह खराच होता.

"पट्टी?" छोटी म्हणत होती. "खाली धावणारी पट्टी कोण वाचतं? 'आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा', ती तर तेव्हाही चालू होती."

आत आली तेव्हा तिने सांगितलं, "तो म्हणतो, चुकलो असं एकदा सांगितलंस की उद्यापासून तुझ्या सुप्रभातवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि तसं काही बोललीस तर परत येऊ नकोस म्हणाला."

"मग बोलू नकोस," ताई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. दुपारी हीच ताई छोटीला त्या एका वाक्यावरून धारेवर धरत होती.

"त्या बाईंना मी बघते. रोज जाऊन बसेन दारात. तुझी नोकरी कशाला घालवतेस? आणि आईचं काय? तिच्याकडे गिऱ्हाइकं येतात, तिला मान आहे. उद्या म्हणतील, टीव्हीवालीच्या आईला टीव्हीनेच लोळवलं."

"अशा बायका एकच आहेत का?" बापू म्हणाला. "तो तुकडा माझ्याकडे सात जणांकडून आला. मी स्वतः पुढे पाठवला, ताई. कुणाकुणाला, ते आता आठवत पण नाही. तू कुणाकुणाच्या दारात बसशील?"

वहिनी हळूच म्हणाली, "आपण चौघं इथे ठरवतोय. गोष्ट आईंची आहे."

छोटी उठली, आईच्या उशाशी खाली बसली आणि तिने आईचा निर्जीव उजवा हात आपल्या हातांत घेतला.

"आई, ती बाई ऐकत नाही. मला उद्या टीव्हीवर सांगावं लागेल. नुसतं चुकलं म्हणून भागणार नाही, काय झालं ते सांगावं लागेल. तुझं सांगावं लागेल. तुला नको असेल तर नाही सांगणार."

आईने खोलीभर नजर फिरवली. या खोलीत तिने कुणापुढे कधी मान खाली घातली नव्हती. तिचे ओठ हलले, थांबले. एक चुकीचा शब्द आला, तो तिने गिळला. दुसरा आला, तोही. छोटीने घाई केली नाही. ताई पलंगाच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिली.

"सांग," आई म्हणाली.

*

सकाळी बापूने प्लग लावला. आईला उशांना टेकवून बसवलं. वहिनी शाळेत शिकवायची, तिने आज रजा टाकली होती. ताई मात्र नव्हती. ती पहाटेच उठून कुठे गेली, ते फक्त वहिनीला ठाऊक होतं.

आहारगुरू पांढऱ्या झब्ब्यात प्रसन्न बसले होते. छोटीने त्यांचं स्वागत केलं नाही. ती कॅमेऱ्याकडे वळली. हसली नाही, आणि त्यामुळे ती बापूला लहानपणच्या छोटीसारखी दिसली, पडून गुडघा फुटला तरी न रडणाऱ्या.

"या कार्यक्रमात मी म्हटलं होतं, गोळ्यांना सुट्टी. ते चूक होतं. मी पाहुण्यांचं बोलणं नीट ऐकलंही नव्हतं. माझ्या आईने ते ऐकलं आणि रक्त पातळ ठेवायची गोळी सोडली. तिला अर्धांगाचा झटका आला. तिचा उजवा हात गेला आहे. ती शिवणकाम करते. तुम्ही कुणी माझं ऐकून ही गोळी सोडली असेल तर आज, आत्ता, आपल्या डॉक्टरांकडे जा. आपल्या मनाने सोडू नका आणि आपल्या मनाने सुरूही..."

पडदा क्षणभर काळा झाला. मग रस काढायच्या यंत्राची जाहिरात लागली. लाल पेला, हसणारं कुटुंब.

बापूने आवाज बंद केला. आई पडद्याकडे बघतच होती. वहिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला, तर पाठ ताठ होती, टेबलाशी काम करताना असायची तशी.

*

ताई त्या इमारतीच्या पायऱ्यांवर बसली होती. बाईची गाडी समोर उभी होती. इथे येऊन नेमकं काय करायचं हे तिने ठरवलं नव्हतं. बाई गाडीत बसली तर आपण गाडीपुढे उभं राहायचं, एवढंच.

बाई खाली आली ती चपलांवर. हातात किल्ल्या होत्या, पण त्या हातात आहेत हे ती विसरली असावी.

"तुम्ही औषधांच्या दुकानवाल्या," ती म्हणाली.

"हो."

"तुमची बहीण बोलता बोलता मध्येच गेली. जाहिरात लागली." बाई पायरीवर बसली. तिचा चेहरा उतरला होता. "मी आईला फोन केला, माझ्या आईला. तिलाही हीच गोळी आहे, मीच तिला सांगितलं होतं रसाचं. ती म्हणाली, मी कधीच सोडल्या नाहीत, तुला वाईट वाटू नये म्हणून हो म्हटलं." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "आता घेऊ का गोळी? घरात आहे."

"आधी रक्त तपासू. किती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. चला."

"मी गाडी काढते."

"नको," ताई म्हणाली. "रिक्षाने जाऊ."

बाईने किल्ल्यांकडे पाहिलं आणि त्या ताईच्या हातात दिल्या.

दवाखान्यात रांग होती. बाईला आत घेतल्यावर ताई बाकावर बसली. शेजारच्या बाकावरचे दोन म्हातारे सकाळच्या कार्यक्रमावर बोलत होते. एकाचं म्हणणं होतं, पोरीने छान सांगितलं. दुसऱ्याचं म्हणणं, औषधवाल्या कंपन्यांनी तिला फितवली. ताईला मध्ये बोलावंसं वाटलं, पण काय बोलणार, आणि तिची ओळख विचारली तर काय सांगणार?

फोन वाजला. छोटी. मागे रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज.

"मी बाहेर आहे, स्टुडिओच्या," छोटी म्हणाली. "माझं सामान पोचतं करतील म्हणाले. ताई, तिने ऐकलं का गं? मला पुरतं बोलूच दिलं नाही."

"ती आत आहे. रक्त घेतायत तिचं."

पलीकडून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता, दबलेला, मग तुटणारा. ताईने तिला रडू दिलं. दहा दिवसांत तिने या बहिणीला एकदाही जवळ घेतलं नव्हतं, आणि आता मध्ये अख्खं गाव होतं.

"सकाळपासून काही खाल्लंस का?" ताईने विचारलं.

"नाही."

"मग इकडे ये. मी पण नाही खाल्लेलं."